माझ्या हातची भाकरी कोण खाईल?

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एका ताईंचं पत्र आलंय. ‘नाव छापू नका’ असं त्यांनी दोनदा लिहिलंय. नाव तर नाहीच, गल्ली-ब्लॉकवरून ओळख पटेल असंही काही मी ठेवलेलं नाही. पत्र थोडक्यात असं :

‘ताई नमस्कार. माझं वय 36. मिस्टर पॉवरलूमवर होते, गेल्या वर्षी गेले. ते आजारी असतानाच दोघांची तपासणी झाली, मी पण एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. सिव्हिलच्या एआरटी सेंटरची (एचआयव्हीचं औषध देणारं केंद्र) गोळी चालू आहे. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, दोघांचे रिपोर्ट चांगले आले. मी विड्या वळते. महिन्याला पाच हजार येतात, कधी चारच. लाडकी बहीणचे दीड हजार येतात. आजारपणात दागिने गेले, फायनान्सच्या गटाचं कर्ज झालं, त्याचा हप्ता 2,300. माझी बहीण म्हणती कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा टाकू, फायनान्सवाला 60 हजार द्यायला तयार आहे. पण उद्या कुणाला कळलं तर माझ्या हातची भाकरी कोण खाईल? दीर म्हणतात घराचं हक्कसोडपत्र करून दे, तुला काय झालं तर पोरांचं मीच बघणार ना. घर सासूबाईंच्या नावावर होतं, त्या पाच वर्षांमागं गेल्या, सासरे आधीच गेले. भाऊ दोघेच. आणि मुलीला शाळेतून काढून विड्यांना बसवावं का? काय करू सांगा.’

ताई,

तुम्ही भाकरीचं आधी लिहिलंय आणि घराचं नंतर. मी उलटीकडून सुरू करते. धंदा चार महिने उशिरा सुरू झाला तरी चालेल. सही एकदा झाली की ती परत घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

दिरांनी आणलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. सासूबाई गेल्या तेव्हा तुमचे मिस्टर हयात होते, म्हणजे घराचा अर्धा हिस्सा तेव्हाच त्यांचा झाला. ते गेल्यावर तो अर्धा हिस्सा तुम्ही, मुलगी आणि मुलगा अशा तिघांत सारखा वाटला गेला. सोसायटीच्या दप्तरात अजून सासूबाईंचंच नाव असेल, पण त्यामुळे तुमचा हक्क जात नाही. आता खरी मेख ऐका. तुम्ही सही केलीत तरी ती फार तर तुमच्या एकटीच्या हिश्श्यापुरती. मुलं अज्ञान आहेत, म्हणजे अठराच्या आतली. त्यांचा घरातला हिस्सा आईलासुद्धा कोर्टाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय सोडून देता येत नाही. दिरांना हे ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असूनही ते बोलत नसतील. दीर वाईटच आहेत असं मी म्हणत नाही. भावाच्या आजारपणात त्यांनीही खर्च केला असेल. पण 2006 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत एक मोठी पाहणी झाली होती. एचआयव्ही असलेल्या बहुतेक विधवांना नवऱ्याच्या मालमत्तेतला वाटा नाकारला गेल्याचं तिच्यात दिसलं. त्यांतल्या कितीतरी जणींना घरच सोडावं लागलं होतं. ‘पोरांचं मीच बघणार ना’ हे वाक्य त्या घरांतही कुणीतरी म्हटलेलं असणार.

तरीही त्या वाक्यात एक खरा प्रश्न आहे, आणि रात्री तुम्हालाही तो छळत असेल. तुम्हाला काही झालं तर मुलांचं कोण? 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात यासाठी खास सोय आहे. एचआयव्ही असलेली आई किंवा वडील आपल्या हयातीतच मृत्युपत्रासारखा कागद करून मुलांचा पालक नेमू शकतात. आई अंथरुणाला खिळली आणि सांभाळू शकत नसली, तर तेव्हाही तो कागद लागू होतो. बहिणीचं नाव घाला, किंवा ज्याच्यावर तुमचा भरवसा असेल त्याचं. मुलांची सोय झाली, आणि घर कुणाला द्यावंही लागलं नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागत नाहीत. त्यांचा फोन 15100. जाताना मिस्टरांचा आणि सासूबाईंचा मृत्यूचा दाखला, घराची पावती किंवा सोसायटीचा कागद, मुलांचे जन्मदाखले एवढं न्या. आजाराची फाइल पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवायची गरज नाही. वारसाचं काम त्याशिवायही होतं. पालक नेमायचा कागद करताना मात्र वकिलाला सांगा, त्यांनी ते गुप्तच ठेवायचं असतं.

दिरांना काय सांगायचं? ‘मुलं अज्ञान आहेत, कोर्टाची परवानगी लागते, वकिलांना विचारते’, एवढंच. भांडू नका. पुढं एकाच आवारात राहायचंय.

आता साठ हजार. सध्या तुमच्या घरात महिन्याला साधारण साडेसहा हजार येतात, लाडकी बहीण धरून. रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम असा की अशा छोट्या कर्जांचे सगळे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. निम्मं म्हणजे सव्वातीन हजार. त्यातले 2,300 आधीच जातात. उरले साडेनऊशे. साठ हजार दोन वर्षांसाठी, शेकडा 24 व्याजाने घेतले तर हप्ताच तीन हजारांच्या वर जातो. मग तो माणूस ‘द्यायला तयार’ कसा? फॉर्मवर तुमचं उत्पन्न फुगवून लिहील, म्हणून. सही करायच्या आधी तो रकाना वाचून बघा. आणि हप्ता थकला तर वसुलीवाला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर दारात येऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. जुनं कर्ज आधी फेडलंत तर त्याचा दंड लागत नाही.

कर्ज वाईटच असतं असं नाही. पण केनियातला एक प्रयोग ऐका. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या न्यांझा भागात एचआयव्ही असलेल्या छोट्या शेतकऱ्यांना पाणी उपसायचा पंप, त्यासाठीचं कर्ज आणि शेतीचं शिक्षण, असं तिन्ही एकत्र दिलं. कर्जाआधी त्यांना स्वतःची थोडी बचत जमवायला लावली होती. घरातली उपासमार कमी झाली, मनाची उदासी कमी झाली. पण रक्तातला विषाणू दाबण्यात त्यांच्यात आणि ज्यांना हे काही दिलं नव्हतं त्यांच्यात फरक पडला नाही, कारण औषधाने दोन्हीकडची माणसं सुधारत होती. मला यात दोन गोष्टी दिसतात. आधी बचत, मग कर्ज. आणि धंदा चालो न चालो, गोळीचं काम गोळीच करते.

म्हणून तुमच्यासाठी रांग अशी लावते : आधी दर महिन्याला येणारे जास्तीचे पैसे आणि धान्य, मग जुनं कर्ज हलकं करणं, मग भाकरी.

सरकारी योजनांना दोन दारं असतात. एक एचआयव्हीचं, एक विधवेचं. तुम्ही विधवेच्या दाराने जा. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितही बसतात आणि विधवाही, रक्कम तीच, दीड हजार. मग आजाराचं सर्टिफिकेट तहसीलच्या टेबलाटेबलावर कशाला फिरवायचं? पण तुम्ही तिच्या मागे लागूच नका. लाडकी बहीण आणि ही, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. शिवाय वर्षाला 21 हजारांच्या आत उत्पन्न असल्याचा दाखला लागतो. एवढ्यात कुटुंब जगतं असं मानणाऱ्यांनी एकदा सोलापूरच्या बाजारात पिशवी घेऊन जावं.

तुमच्यासाठी मोठी आहे ती बालसंगोपन योजना. वडील गेले आणि एकटी आई सांभाळते, एवढ्यावर मुलं पात्र ठरतात. दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये, दोघांचे मिळून साडेचार हजार, म्हणजे विड्यांच्या कमाईएवढे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मात्र हा पैसा महिन्याच्या महिन्याला हातात पडेल असं धरून चालू नका. तो साचून येतो, आणि साचून आला की उधळायचा मोह होतो. आला की पहिला घाव फायनान्सच्या कर्जावर घाला, मग मुलांच्या नावाने पोस्टात आवर्ती खातं उघडा. महिन्याला 100 रुपयांपासून चालतं. युगांडात एचआयव्ही असलेल्या मुलांच्या नावाने बँकेत बचत खाती काढून, घरच्यांनी जेवढे टाकले तेवढेच प्रकल्पाने घालून बघितले, तर त्या मुलांपैकी जास्त जणांचा विषाणू आटोक्यात राहिला. तुमच्या मुलांना देवाच्या दयेने गोळी नाही. पण आपल्या नावाने पुस्तकात पैसे जमतायत हे बघणारं पोर शाळेकडेही वेगळ्या नजरेनं बघतं, असं मला वाटतं.

दुसरं रेशन. तुमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर तिघांचे मिळून 15 किलो धान्य येतं. अंत्योदय असेल तर कुटुंबाला 35 किलो. कुटुंबप्रमुख विधवा असेल तर अंत्योदयसाठी विचार होतो. एचआयव्ही असलेल्या गरीब कुटुंबांनाही 2009 मध्ये त्यात घेतलं गेलं, पण पुन्हा तेच, विधवा म्हणून अर्ज करा. ‘इष्टांक संपला’, म्हणजे ठरलेला कोटा भरला, हे उत्तर मिळेल. अर्जाची पोच तरीही घ्या. कोणाचं कार्ड रद्द झालं की जागा निघते, आणि तेव्हा ज्याचा अर्ज दप्तरात आहे त्याचाच नंबर लागतो.

मुलगी. नाही, शाळेतून काढू नका. तिच्या विड्यांतून घरात येईल ते बालसंगोपनाच्या 2,250 पेक्षा कमीच असेल, आणि तिच्या फुप्फुसात तंबाखूची धूळ जाईल ती वेगळीच. तुमचं विडी कामगाराचं कार्ड असेल, तर त्या कार्डावर केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. नववी-दहावीला वर्षाचे 2,000, पुढं पदवीला वाढत जातात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन असतो, शाळेतले सर करून देतात. रात्री तासभर ती पानं कापायला बसली तर मी काही बोलणार नाही. घरकुलात कुठली पोर बसत नाही? पण दप्तर बंद करून नको.

आणि तुम्हीसुद्धा विड्या एकदम सोडू नका. कार्ड असेल, पीएफ असेल, ते हातचं जाईल. पीएफचा वारस मात्र आजच बदला, बहुधा अजून मिस्टरांचंच नाव असेल. त्यांचा लूमवर पीएफ कापला जात असेल तर तुम्हाला विधवा पेन्शन आणि दोन्ही मुलांना 25 वर्षांपर्यंत पेन्शन लागते. कापला नसेल तर गोष्ट संपली. तंबाखूच्या धुळीचं मात्र खरंच वाईट वाटतं. एचआयव्ही असताना टीबीची भीती जास्त, म्हणून कितीही दिवसांचा खोकला, बारीक ताप, वजन उतरणं यातलं काहीही झालं तर सेंटरला लगेच सांगा. टीबी होऊ नये म्हणून देतात तो गोळ्यांचा कोर्स झालाय का, तेही विचारून घ्या. भाकरीचा जम बसेल तसे विड्यांचे हजार कमी करत न्या.

आता भाकरी. एचआयव्ही पिठातून, घामातून, थुंकीतून, ताटातून पसरत नाही. तापल्या तव्यावर भाजलेल्या, मग कडक होईस्तोवर शेकलेल्या भाकरीतून तर सोडूनच द्या. बोट कापलं तर पट्टी बांधायची आणि त्या दिवशी थापायचं नाही, हा नियम मी कुठल्याही स्वयंपाकिणीला सांगेन. गिऱ्हाइकाला, दुकानदाराला, बचत गटातल्या बायकांना, बँकेला सांगायचं तुमच्यावर बंधन नाही. आणि दवाखान्यातल्या किंवा ऑफिसातल्या ज्याला कामामुळे कळलं, त्यानं ते तुमच्या संमतीशिवाय बाहेर सांगणं गुन्हा आहे. 2017 चा तो एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. बोभाटा कुणी केलाच तर 1097 वर फोन करा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. लोक काय बोलतील याची हमी मात्र कुठलाही कायदा देत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून धंद्याला आजाराची ओळख चिकटू देऊ नका. ‘एचआयव्हीबाधित महिलांचा उपक्रम’ अशा बॅनरखाली स्टॉल देणारे भेटतील, शिलाई मशीन देऊन पेपरात फोटो छापणारे भेटतील. मशीन घ्या, फोटो देऊ नका. पंढरपूरला मंगलताई शहांची ‘पालवी’ किती वर्षं एचआयव्ही असलेल्या मुलांना सांभाळतेय, तिथे मोकळेपणी बोलता येतं. पण प्रत्येक देणगीदार तसा नसतो.

धंदा म्हणून कडक भाकरी मला पटते, ती एका कारणासाठी : ती टिकते. तुमची तब्येत एखादा आठवडा बिघडेल, सिव्हिलला अख्खा दिवस जाईल, मुलाला ताप येईल. रोजच्या ताज्या भाकरीची ऑर्डर घेतलीत तर त्या आठवड्यात गिऱ्हाईक तुटतं. कडक भाकरी आणि चटणी अंगात बळ असेल त्या दिवशी करून ठेवता येते. त्यात बहीण सोबत आहे, म्हणजे एक पडली तर दुसरी तव्यावर. आजारपण असलेल्या घराने काम निवडताना मी हे दोनच प्रश्न विचारते, माल किती दिवस टिकतो आणि माझ्याऐवजी कोण उभं राहील. युनिफॉर्मच्या कारखान्यांची काज-बटणाची, धागे कापायची कामं घरी मिळतात तीही याच कसोटीवर उतरतात, भाकरी जमली नाही तर.

सोलापुरात कडक भाकरी करणारे मात्र गल्लोगल्ली आहेत, आणि या धंद्यात नवीन बाई बुडते ती उधारीत. दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे ‘पुढच्या खेपेला’. म्हणून पहिले दोन-तीन महिने दुकानात मालच टाकू नका. पुण्याला घरोघरी सोलापूरची माणसं आहेत, नात्यातल्या एका घरापासून सुरू करा, पैसे आधी फोनवर घेऊन माल एसटीने किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा. एसटीत बाईला निम्मं तिकीट आहे, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या गर्दीच्या दिवशी बहिणीला टोपली घेऊन जाता येईल. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आहेच. भांडवल पाच-सहा हजारांत भागवा : ज्वारी, शेंगा, एक चांगला तवा, गॅस, पिशव्या. एवढे पैसे साठ हजारवाल्याकडून नकोत. कुंभारी ग्रामपंचायतीत येते, म्हणून सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचा बचत गट असेल, त्यात बसा, चार महिने बचत टाका आणि अंतर्गत कर्ज उचला. अन्नपदार्थांची छोटी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, ती धंदा थोडा चालला की करा.

हिशेबाला वही ठेवा. पीठ, दळण, गॅस, पिशवी, वाटखर्च तर धराच, आणि फुटलेल्या भाकरीही धरा. सुरुवातीला चुरा बराच निघतो आणि तो हिशेबात कुणीच धरत नाही. तुमच्या हाताला दिवसाचे जे पडतील ते हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीशी लावून बघा. तीन महिने विड्यांपेक्षा कमी पडले तर धंदा बदला, त्यात लाज कसली.

सेंटरला पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढं विचारा : व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजायची तपासणी) कधी झाला, आकडा किती. तो सापडत नाही इतका खाली आला आणि तुमचं नियमित चालू असेल, तर एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देतात, तेवढ्या हजेऱ्या वाचतात. गोळीची वेळ पीठ मळायच्या वेळेला बांधू नका, जेवणाला बांधा. भाकरी रोज होणार नाहीत, जेवण रोज होतं.

आणि ज्वारी आत्ता घेऊ नका. मालदांडीची नवी आवक फेब्रुवारी-मार्चला मार्केट यार्डात येते. तोवर दहा-दहा किलोवर भागवा, तेव्हा बहिणीबरोबर एक पोतं अर्धं-अर्धं घ्या.